श्रावणात सीपॅपचा आकडा अचानक वाढला: यंत्र जुने झाले की माझेच काही चुकते आहे?

अंत्रूजकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ५९ असून मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. चार वर्षांपूर्वी माझी स्लीप स्टडी झाली, तेव्हा झोपेत तासाला ४१ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, असा अहवाल आला. हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असला की आजार तीव्र समजतात, त्यामुळे डॉक्टरांनी फारशी चर्चा न करता सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कवाटे हवेचा दाब देणारे यंत्र, लावायला सांगितले. पावसाळ्यात माझे नाक हमखास चोंदते आणि झोपेत तोंड उघडे पडते, म्हणून मी सुरुवातीपासून नाक व तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क वापरतो. प्रेशर यंत्र आपणहून कमी-जास्त करते. त्याला ८ ते १४ सेंटिमीटर (हा दाब पाण्याच्या उंचीवर मोजतात) अशी मर्यादा घालून दिलेली आहे.

यंत्रापूर्वीच्या दिवसांबद्दल थोडे सांगतो, म्हणजे ते बंद पडण्याची मला एवढी धास्ती का वाटते ते कळेल. त्या काळी कामानिमित्त मी रायबंदरहून फेरीने चोडणला जात असे. फेरी सुटली की स्कूटरवर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. पलीकडचा धक्का यायचा, पुढच्या गाड्या उतरून जायच्या, मागचे हॉर्न वाजवून थकायचे, आणि शेवटी फेरीवरच्या माणसाने खांदा हलवल्यावर मला जाग यायची. मांडवी ओलांडायला लागणाऱ्या त्या काही मिनिटांत मला स्वप्नसुद्धा पडत असे. यंत्र लावल्यावर पंधरवड्यात हे सगळे थांबले.

तासाला किती वेळा श्वास अडला याचा यंत्रावर सकाळी दिसणारा आकडा चार वर्षे २ ते ३ च्या घरात होता. गेल्या तीन आठवड्यांत मात्र तो ९, ११ आणि एका रात्री तर १४ वर गेला. सकाळी घसा इतका कोरडा पडलेला असतो की काकड आरतीला वरचा षड्ज लागत नाही. मी गावच्या भजनी मंडळात गातो, त्यामुळे ही गोष्ट चारचौघांच्या लगेच ध्यानात आली. कोरडेपणा जावा म्हणून मी ह्युमिडिफायर, म्हणजे टाकीतले पाणी तापवून हवा ओलसर करणारा यंत्राचा भाग, ३ वरून ६ वर नेला, तर दुसरेच संकट उभे राहिले. रात्री तीनच्या सुमारास नळीत हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होते आणि कूस बदलली की गार पाण्याची धार थेट नाकात येते. दचकून उठतो, मास्क काढतो, नळी खिडकीबाहेर धरून झटकतो आणि त्यानंतर झोप लागत नाही.

वजन वाढलेले नाही, उलट दोन किलो उतरले आहे. श्रावण पाळत असल्यामुळे घरात मासळी बंद आहे, फेणीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. सर्दीही नाही. ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांना फोन केला, तर काहीही न पाहता ‘चार वर्षे झाली ना, आता नवे घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. प्रेशरची मर्यादा कशी बदलायची ते भाच्याने शोधून दिले आहे. ती १४ वरून १८ करून पाहू का?

आणखी एक अडचण आहे. बारा दिवसांवर चवथ आली. आमचे मूळ घर पेडण्याला आहे, तिथे पाच दिवस गणपती असतो आणि पावसाचा जोर वाढला की तिथली वीज हमखास जाते. तिथे इन्व्हर्टर आहे, पण तो यंत्राला रात्रभर पुरेल का, हे मला ठाऊक नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.


जुना मडगावकर

अंत्रूजकर, नवे यंत्र घेण्याची घाई करू नका. मी अकरा वर्षे सीपॅपवर आहे. पहिले यंत्र सात वर्षे टिकले आणि बंद पडले तेही मी त्यातले पाणी न काढता ते उचलून दुसऱ्या खोलीत नेले म्हणून. टाकीतले पाणी मोटरीत शिरले. तेव्हापासून भरलेली टाकी घेऊन मी यंत्र वीतभरही हलवत नाही.

नळीतल्या पाण्याचे कारण सरळ आहे. टाकीतून निघालेली उबदार, दमट हवा थंड खोलीतल्या नळीतून जाताना निवते आणि तिच्यातला ओलावा नळीच्या आत धरतो. तुम्ही एसी लावून झोपत असणार. आपल्याकडे या दिवसांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, सकाळी तळलेले पापड दुपारपर्यंत सादळतात. अशा हवेत ह्युमिडिफायर ६ वर ठेवणे म्हणजे भर पावसात झाडांना पाणी घालणे. तो १ किंवा २ वर आणा. एसी २६ च्या खाली नेऊ नका. यंत्र पलंगाच्या उंचीवर असेल तर ते खाली बुटक्या स्टुलावर ठेवा, म्हणजे पाणी धरलेच तर ते तोंडाकडे न येता टाकीकडे ओघळेल. नळीला कापडी खोळ घालता येते. माझ्या पत्नीने जुन्या सुती साडीची शिवून दिली, ती सहा वर्षे चालली आहे. नळी तापवण्याची सोय असलेली यंत्रेही मिळतात, पण ती तार वीज खाते आणि तुमचा पुढचा प्रश्न नेमका विजेचाच आहे.

विजेचा हिशेब मी वॉट मोजण्याचे छोटे मीटर प्लगला लावून एकदा केला होता. माझे यंत्र ह्युमिडिफायरचा हीटर बंद असताना सुमारे २० वॉट घेते आणि हीटर चालू केला की ५० च्या आसपास जाते. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. कागदावर ते १८०० वॉट-तास होतात, पण बॅटरी जुनी झालेली, थोडी शक्ती इन्व्हर्टरच खातो, म्हणून मी निम्मे, म्हणजे ९००, एवढेच धरतो. आता साधा छताचा पंखा ७० वॉटचा, तो आठ तासांत ५६० खातो. यंत्र हीटरशिवाय आठ तासांत १६० घेते, हीटरसह ४००. म्हणजे पंखा आणि हीटर दोन्ही चालवले तर हिशेब ९६० वर जातो आणि पहाटे काळोख होतो. हीटर बंद ठेवला तर ७२० मध्ये सकाळ उजाडते. अडचण यंत्राची नसते, पंख्याची असते, हे लोकांना सांगूनही पटत नाही. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा असावा. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर माझा अडॅप्टर गुणगुणायचा आणि तापायचा.

आणि समजा वीज गेलीच, तरी घाबरू नका. मोठ्या मास्कमध्ये एक पडद्यासारखी झडप असते. हवेचा झोत थांबला की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. गुदमरायला होत नाही, फक्त घोरणे परत सुरू होते आणि शेजारच्याची झोप जाते.

प्रेशरची मर्यादा मी स्वतः एकदा १४ ची १६ केली होती, माझे काही बिघडले नाही. टाकीत मी पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे पाणी घालतो; स्वस्त पडते आणि टाकीला पांढरा थर धरत नाही.


शंखनाद

मला एवढेच सांगायचे आहे की ही यंत्रे एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाहीत. देवळात सांजआरतीला शंख फुंकणारी आमची जुनी माणसे कधी घोरली नाहीत. शंख फुंकल्याने झोपेतला श्वास सुधारतो, हे आता डॉक्टरांनीही सिद्ध केल्याचे वाचले. आपण तर भजनी आहात, आपला दमही चांगला असणार. यंत्र बाजूला ठेवून महिनाभर हाच प्रयोग करून पाहावा.


निवृत्त तंत्रज्ञ

मी अनेक वर्षे झोपेच्या तपासण्या करण्याचे काम केले आहे, त्यामुळे आधीच्या दोन उत्तरांतल्या काही गोष्टी दुरुस्त करणे आवश्यक वाटते.

प्रथम शंखाविषयी. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला, हे खरे आहे. सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान पंधरा मिनिटे शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि तासाला श्वास अडण्याचे प्रसंग चार-पाचने घटले. त्याआधी २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिजरिडू या ऑस्ट्रेलियन वाद्याविषयी असाच छोटा अभ्यास आला होता. घशाचे स्नायू कसले की फरक पडतो, एवढे त्यांतून दिसते. परंतु तासाला ४१ मधून पाच वजा केले तरी ३६ उरतात. शंख अवश्य फुंका, पण मास्क लावून झोपा. ‘एकदा लागले की सुटत नाही’ या बोलण्यात तर अर्थ नाही. चष्मा लावल्याने डोळे बिघडत नाहीत. चष्मा काढला की आधीसारखेच धूसर दिसते, तसेच हे आहे.

सीपॅप कशासाठी असते, हे थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा स्पष्ट होईल. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि मऊ भिंती एकमेकींना चिकटतात. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा हलका, अखंड दाब देऊन घसा आतून उघडा ठेवता येतो हे दाखवले आणि १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचे निष्कर्ष छापले. आजही तत्त्व तेच आहे. म्हणजे हे यंत्र औषध नव्हे, ते हवेची थुणी आहे. थुणी खालून सरकली तर छत खाली येणारच. म्हणून प्रेशर किती आहे यापेक्षा ते घशापर्यंत पोहोचते आहे का, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

अंत्रूजकर, तुमच्या लिहिण्यात एक आकडा नाही, आणि मला तोच हवा आहे. तो म्हणजे गळती. यंत्राच्या मेनूत किंवा मोबाइलवरच्या अहवालात दर मिनिटाला किती लिटर हवा मास्कच्या कडेने निसटते ते दिसते. अनेक यंत्रांत २४ लिटरपर्यंतची गळती चालवून घेतात. गळती वाढली की तीन गोष्टी एकामागून एक घडतात. दाब पोहोचत नाही म्हणून श्वास अडतो. श्वास अडला म्हणून स्वयंचलित यंत्र दाब वाढवते, आणि दाब वाढला की मास्क आणखी उचलला जाऊन गळती आणखी वाढते. आणि रात्रभर चेहऱ्यावरून वारा वाहिल्यामुळे तोंड व घसा सुकतो. तुमचा कोरडेपणा हवेतल्या ओलाव्याच्या कमतरतेने आलेला नसावा, असा माझा संशय आहे. तसे असेल तर ह्युमिडिफायर वाढवून तुम्ही एका चुकीवर दुसरी चढवली.

याच कारणासाठी मर्यादा १८ वर नेऊ नका. गळती असताना यंत्राने दाखवलेला आकडासुद्धा पुरता विश्वासार्ह नसतो. तो हवेच्या प्रवाहावरून बांधलेला अंदाज आहे, स्लीप स्टडीसारखी मेंदूच्या लहरींची आणि रक्तातल्या प्राणवायूची नोंद त्यामागे नाही. शिवाय काही रुग्णांत दाब गरजेपेक्षा जास्त झाला की घसा उघडा असूनही श्वास घेण्याचा मेंदूचा आदेशच थांबतो, आणि हे वेगळ्या जातीचे अडणे प्रेशर वाढवून जात नाही. मडगावकरांचे काही बिघडले नाही, हा त्यांच्या नशिबाचा भाग झाला. बॅटरीचे पाणीही बंद करा. ते क्षारमुक्त असते, पण माणसाने श्वासातून घेण्यासाठी ते भरलेले नसते आणि ते कॅन कोणत्या अवस्थेत भरले, साठवले जातात ते आपल्याला माहीत नसते. औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मिळते. टाकीला थर धरलाच तर पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी दहा भाग असे करून धुवावे; घरातले माडाचे व्हिनेगर नको, एका बाईंनी ते वापरले आणि आठवडाभर यंत्रातून सोरपोतेलचा, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या डुकराच्या मटणाचा, वास येत होता.

यंत्राच्या वयाबद्दल इतकेच सांगतो की साधारण पाच वर्षे हिशेबात धरतात, म्हणून चार वर्षांचे यंत्र टाकाऊ ठरत नाही. २०२१ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीने आतला आवाजरोधक फोम झिजतो म्हणून लाखो यंत्रे परत मागवली होती. आपले यंत्र त्या यादीत आहे का ते अनुक्रमांकावरून एकदा तपासावे, आणि ओझोन सोडणारी स्वच्छता उपकरणे कोणी गळ्यात मारली तरी घेऊ नयेत.

एक गोष्ट तुमच्या धास्तीच्या संदर्भात. चवथीच्या पाच दिवसांत दोन रात्री नीट गेल्या नाहीत तर आकाश कोसळत नाही, परंतु ‘थोडा वेळ लावले, झाले’ ही सवय लागली की लाभ हातचा जातो. २०१६ साली हृदयविकार किंवा पक्षाघाताचा त्रास आधीपासून असलेल्या २,७१७ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत आणि वर्तमानपत्रांनी तेवढाच मथळा उचलला. त्या रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री ३.३ तासच लावले होते, हे मथळ्यात आले नाही. पेंग, घोरणे आणि एकंदर जगणे मात्र तेवढ्या वापरातही सुधारले होते.


अंत्रूजकर

तंत्रज्ञ साहेब, आभारी आहे. गळती कुठे पाहायची हेच मला चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते. भाच्याकडून अहवाल काढून घेतला. आषाढ संपेपर्यंत गळती मिनिटाला १० ते १२ लिटर होती. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ती २० झाली, दुसऱ्यात ३९, आणि आता ५८ आहे. ती एकदम वाढलेली नाही, रोज थोडी थोडी चढत गेली आहे. मास्कची गादी, म्हणजे चेहऱ्यावर टेकणारी सिलिकॉनची कड, दोन महिन्यांपूर्वीच नवी घेतली होती. उजेडात धरून पाहिली, कुठे चीर नाही. पट्टे आवळून पाहिले, तर नाकाच्या वरच्या हाडावर लाल वळ उठला आणि गळती तेवढीच राहिली.


सत्तरीची सून

भाऊ, एक प्रश्न विचारते, रागावू नका. श्रावण पाळता असे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिले आहे. मग दाढीही राखली असेल ना?

आमच्या घरी हे दोन वर्षांपूर्वी झाले. आमचे हेही श्रावणभर दाढी करत नाहीत आणि यांचाही मोठाच मास्क आहे. पहिल्या आठवड्यात खुंट टोचरे असतात, सिलिकॉनची कड त्यांच्या टोकांवर तरंगते. पुढे केस वाढले की त्यांच्या मधून हवेला रानातल्या पायवाटांसारख्या वाटा मिळतात, पट्टे कितीही आवळा. हे यांच्या कधीच लक्षात आले नसते. मला कळले, कारण ती हवा रात्रभर माझ्या कानात फुंकर घालत होती. पहाटे हात लावून पाहिला, तर खालच्या ओठाखाली, हनुवटीच्या खळीपाशी, जिथे केस दाट होते नेमका तिथून वारा सुटला होता. तुम्हीही मास्क लावून आडवे व्हा, यंत्र चालू करा आणि ओल्या बोटाने कडेकडेने चाचपून पाहा, कुठे गार लागते ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट तेलाची. डोक्याला रात्री खोबरेल चोपडून झोपत असाल तर ते बंद करा. तेल ओघळून गादीवर येते, सिलिकॉन बुळबुळीत होते आणि लवकर सैलही पडते. मी गादी रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने धुते आणि पडवीत सावलीला ठेवते. उन्हात ठेवली की पिवळी पडते, आणि तसेही या दिवसांत ऊन कुठे आहे? नळीचे तोंड दिवसा स्वच्छ फडक्याने बांधून ठेवते, कारण एकदा आत मुंग्यांची रांग लागली होती. मागचा छोटा फिल्टर पावसाळ्यात मी महिन्याची वाट न पाहता बदलते. एकदा काढून पाहा, राखाडी झालेला असेल.

चवथीचे सांगते, कारण आमच्याकडे पंचवीस माणसे जमतात. यंत्र खोलीतलीच हवा ओढते, त्यामुळे माटोळीच्या (गणपतीवर फळे-पाने टांगलेल्या चौकटीच्या) खोलीत किंवा तिच्या लगत झोपू नका. धूप, कापूर, अगरबत्ती आणि अंगणातल्या फटाक्यांचा धूर सगळा नळीवाटे तुमच्याच छातीत जाईल. मच्छर अगरबत्तीही नको, मच्छरदाणी लावा आणि नळी गादीखाली दाबलेल्या कडेने आत घ्या. सोप्यावर सगळ्यांत झोपायची हौस असते हे मला कळते, पण मास्कच्या भोकांतून सुटणारा झोत शेजारच्याच्या तोंडावर येतो आणि मग रात्रभर कुरकुर चालते. लाज वाटेल म्हणून यंत्र घरीच ठेवून जायचा विचार असेल तर तोही नको. पहिल्या वर्षी आमचे हे तसेच गेले होते आणि तिसऱ्या दिवशी आरतीला उभ्या उभ्या डुलकी लागून हातातले तबक कलंडले. दुसऱ्या वर्षी यंत्र नेले. पोरांनी नळी पाहून ‘काका गणपती झाले’ म्हणून हैदोस घातला, तासाभरात सगळ्यांचे पाहून झाले आणि नंतर कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

तुमच्या मूळ घरी कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर तेवढे सांभाळा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणे असतात आणि ती पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात. माझ्या सासूबाईंना पेसमेकर आहे, म्हणून मास्क धुण्याचे काम मी त्यांना करू देत नाही.


निवृत्त तंत्रज्ञ

ताई, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. दाढीवाल्या रुग्णांना आम्ही मास्क देतानाच सूचना करत असू, परंतु महिनाभरापुरती येणारी दाढी कोणत्याच फॉर्मवर लिहिलेली नसते. अंत्रूजकर, व्रत मोडायचे नसेल तर नाकपुड्यांत बसणाऱ्या उश्यांचा मास्क हा एक मार्ग आहे, कारण तो गालांवर व हनुवटीवर टेकत नाही. मात्र तुमचे तोंड उघडे पडते, त्यामुळे आधी नाक मोकळे करावे लागेल. पावसाळ्यात बुरशीच्या ॲलर्जीने नाक चोंदत असेल तर त्यावर नाकात मारायचे स्प्रे आहेत; ते कानानाकघशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावेत, दुकानातून आपल्या मनाने नव्हे. नाक तात्पुरते मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट अधिक चोंदते.


अंत्रूजकर

सत्तरीच्या ताईंनी बरोबर ओळखले. ओले बोट फिरवले तर ओठाखालून वारा सुटलेला स्पष्ट लागला. आमच्या घरात श्रावणातली दाढी वडिलांपासून चालत आलेली आहे, त्यामुळे ती अडथळा असेल हे डोक्यातच आले नाही. गेली तीन वर्षे दाढी राखली नव्हती, कारण मी नोकरीत होतो आणि काउंटरवर बसावे लागे. निवृत्तीनंतरचा हा पहिला श्रावण.

लगेच दाढी करायला मन धजेना. म्हणून आधी जुन्या धोतराचा मऊ पदर मास्कच्या आकाराचा कापून गादीखाली घालून पाहिला. दोन रात्रींत गळती ५८ वरून ३७ वर आणि आकडा ७ वर आला, म्हणजे अर्धेच काम झाले. तिसऱ्या दिवशी आईला विचारले. ती ८४ वर्षांची आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘तुझे वडील दाढी ठेवायचे, पण ते नळी लावून झोपत नव्हते.’ त्याच सकाळी न्हाव्याकडे गेलो. गळती ९, आकडा २.६. ह्युमिडिफायर २ वर आणला, यंत्र स्टुलावर ठेवले. गुडगुड थांबली आणि घसाही सुटला.

मडगावकरांच्या हिशेबाची परीक्षा रविवारी पेडण्याला जाऊन घेतली. रात्री दहाला मेन स्विच खाली ओढला आणि हीटर बंद ठेवून, पंखा चालू ठेवून झोपलो. सकाळी सहाला यंत्र चालू होते, बॅटरीचा दिवा मात्र लाल झाला होता, म्हणून चवथीला पंखा एकावरच ठेवीन. खोलीही ठरवली आहे. देवघरापासून लांब, मागच्या पडवीला लागून असलेली, जिथे नारळ ठेवतात ती. फिल्टर खरेच राखाडी निघाला. नाकाच्या डॉक्टरांची वेळ विसर्जनानंतरच्या सोमवारची मिळाली आहे. उश्यांचा मास्क मला चालेल का, हे त्यांना विचारून इथेच कळवीन.